ब्लॅक बेल्ट खरे असूनही पडद्यावरची लढत ढिली का दिसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये तुमचा कराटेचा वर्ग आहे, वर्गातील काही जण मिळून एका काल्पनिक कथेवर वेब-मालिका करत आहेत आणि तिचा एक संपूर्ण भाग गुरुकुलातील द्वंद्व-स्पर्धेचा आहे. एका परदेशी मालिकेतील अशाच भागाचे पडद्यामागचे चित्रण तुम्ही पाहिले. त्यात नटांच्या कमरेला तारा होत्या, ठोसे चेहऱ्यापासून हातभर लांबून जात होते आणि तालमीत सगळे जण अगदी सावकाश हलत होते. तरीही तयार भाग पाहताना अंगावर काटा आला. तुमच्याकडे मात्र बेल्ट खरे, वेग खरा, ठोसेही बरेचसे खरे आणि मोबाइलवर घेतलेली लढत ढिली. म्हणून तारांची सोय नाशिकमध्ये होईल का आणि एका भागाला किती दिवस धरावेत, असे तुम्ही विचारले आहे.

तारांचे आणि दिवसांचे उत्तर पुढे देतोच, पण तुमची अडचण तारांची नाही. प्रश्नासोबत जोडलेली चित्रफीत मी आवाज बंद करून पाहिली. मारणारा मुलगा उत्तम आहे. मार खाणारा मात्र काहीच करत नाही. ठोसा येतो, तो अर्धे पाऊल मागे सरकतो आणि लगेच पवित्र्यात उभा राहतो. कुमितेत, म्हणजे कराटेतील जोडीच्या लढतीत, हेच शिकवले जाते आणि तिथे ते योग्यच आहे. मी अनेक वर्षे पौराणिक आणि काल्पनिक मालिकांच्या लढती बसवतो आहे, त्याआधी दुसऱ्यांचा डुप्लिकेट म्हणून भिंतींवर आणि खांबांवर आपटण्याचे काम केले आहे, आणि दोन्ही बाजूंनी अनुभव एकच आहे. पडद्यावरची लढत मार खाणारा उभी करतो. ठोशाचा जोर प्रेक्षकाला मुठीत दिसत नाही. ज्याला तो लागला त्याच्या मानेत, खांद्यात आणि पायांत दिसतो.

कराटेची शिस्त कॅमेऱ्यासमोर नेमकी कुठे आड येते, ते आधी पाहू. आपण विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे बजावतो की ठोसा निघण्यापूर्वी खांदा हलता कामा नये, कारण खांदा हलला की समोरच्याला सुगावा लागतो. पडद्यावर तोच सुगावा प्रेक्षकाला लागायला हवा असतो. आपली दूरचित्रवाणी सेकंदाला २५ चित्रांवर चालते. चांगल्या ब्लॅक बेल्टचा ठोसा निघाल्यापासून पोहोचेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग घेत असेल, तर तो संपूर्ण ठोसा दोन किंवा तीन चित्रांत संपतो आणि त्यांतलेही एखादे पुसट असते. प्रेक्षकाने काही टिपण्याच्या आत हात कमरेशी परत आलेला असतो, आणि काहीतरी झाले खरे, पण काय झाले ते कळले नाही, असे त्याला वाटते. तिसरी अडचण संयमाची आहे. ठोसा अंगाला लागण्यापूर्वी थांबवायची सवय हाताला इतकी जडलेली असते की तो हवेतच थबकतो, आणि थबकलेला हात कॅमेरा लगेच उघडा पाडतो. पडद्यावरचा ठोसा थांबत नसतो. तो चेहऱ्यापासून सुरक्षित अंतर राखून पलीकडे निघून जातो.

तेव्हा पहिल्या आठवड्यात मुलांना नवे काही शिकवू नका, शिकलेले थोडे सैल करा. प्रत्येक वाराला दिसेल अशी तयारी हवी, दिसेल अशी वाट हवी आणि वार संपल्यावर हात क्षणभर तिथेच राहायला हवा. ही तालीम निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेगाने करायची, आणि त्या परदेशी मालिकेत जे सावकाश हलताना दिसले ते हेच होते. सावकाश तालमीत एक लबाडी सगळेच नकळत करतात, तिच्यावर लक्ष ठेवा: मारणारा सावकाश मारतो, पण चुकवणारा नेहमीच्या वेगाने खाली वाकतो. तालमीत हे छान जमते. वेग वाढवला की चुकवणाऱ्याला वेळ पुरत नाही आणि लाथ खरोखर कानशिलावर बसते. दोघांचा वेग एकच हवा आणि तो कमी वेगाच्या माणसाने ठरवायचा. प्रत्यक्ष चित्रीकरणही पूर्ण वेगाने करू नये. सेकंदाला २२ चित्रे घेऊन ती २५च्या वेगाने दाखवली की हालचाल सुमारे १४ टक्के जलद दिसते, आणि एवढी उसनी घेतलेली चपळाई पुरते. त्याहून पुढे गेलात तर केसांची आणि उपरण्याची फडफड अस्वाभाविक होते आणि लढत विनोदी वाटू लागते.

आता कॅमेऱ्याची जागा. तुमच्या चित्रफितीत कॅमेरा दोघांच्या बरोबर आडवा ठेवला आहे, म्हणजे मूठ आणि गाल यांच्यामधील अंतर मोजून घ्यावे इतके स्वच्छ दिसते. कॅमेरा, मूठ आणि गाल एका रेषेत आले की हे अंतर नाहीसे होते. समजा आडवा ठोसा आहे. मार खाणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे करा, मारणाऱ्याची पाठ कॅमेऱ्याकडे येऊ द्या आणि भिंग मारणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीवर, थोडे बाजूला ठेवा. खांद्यावरून घेतलेल्या अशा शॉटला आपल्या मालिकांच्या सेटवर सजेशन म्हणतात. मूठ चेहऱ्यापासून वीतभर पुढून, कॅमेरा आणि नाक यांच्यामधून आडवी जाते. ती नाक ओलांडते त्या क्षणी मान वळायला हवी. मान आधी वळली तर चोरी पकडली जाते, आणि क्षणभर उशिरा वळली तर संकलक सांभाळून घेऊ शकतो. म्हणून मी नवख्यांना नेहमी उशिराच्या बाजूने शिकवतो. त्यात मोबाइलचे नेहमीचे भिंग रुंद असते आणि ते अंतर वाढवून दाखवते. मोबाइलला दूरचे भिंग असेल तर ते निवडा आणि आठ-दहा पावले मागे जाऊन घ्या; मागचे आणि पुढचे जवळ आल्यासारखे दिसते आणि वीतभर जागा आपोआप झाकली जाते.

मार खाण्याला मी तालमीचा निम्म्याहून अधिक वेळ देतो, कारण तिथेच सगळा कस आहे. धक्का अंगातून क्रमाने जातो. जबड्याला ठोसा लागला तर आधी हनुवटी, मग खांदा, मग कंबर आणि शेवटी मागचा पाय सरकतो. सगळे अंग एकदम मागे गेले तर माणूस ढकलल्यासारखा दिसतो. पोटात लाथ बसली तर कंबर आधी मागे जाते, डोके आणि हात पुढे राहतात. श्वास तोंडाने बाहेर पडायला हवा, तोही आवाज करून, कारण आवाजाशिवाय चेहरा खोटा होतो. पडल्यावर लगेच उठायचे नाही. आणखी एक जुनी युक्ती आहे: शॉटपूर्वी खांद्यावर किंवा छातीवर, कपड्याच्या विणीत जाईल अशी मुलतानी माती थापटून ठेवायची आणि मागून तिरका प्रकाश द्यायचा. तिथे हात नुसता आपटला तरी धुळीचा लहानसा ढग उठतो आणि पाहणाऱ्याला वाराचे वजन कळते. खर्च किराणा दुकानातल्या एका पुडीचा. मात्र ती डोळ्यांच्या आसपास वापरू नका, आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलाला त्या शॉटपासून दूर ठेवा.

हे पाहायला परदेशी मालिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी नाशिकमधून काढलेला १९१९चा ‘कालिया मर्दन’ पाहा. त्याचा बराच भाग आज उपलब्ध आहे. कृष्णाची भूमिका त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केली आहे. आरंभी ती साध्या रूपात कॅमेऱ्यासमोर बसून चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते, म्हणजे पडद्यामागचे दर्शन फाळक्यांनी चित्रपटातच देऊन टाकले आहे. पुढे पाण्याखाली नागाशी झटापट चालू असताना ते वारंवार काठावरच्या घाबऱ्याघुबऱ्या झालेल्या लोकांकडे जातात. नाग सेटवर बनवलेला आहे हे लपत नाही. भीती काठावरच्या चेहऱ्यांतून येते. तुमच्या गुरुकुलाच्या भागात प्रेक्षक म्हणून बसलेले शिष्य आहेतच. त्यांच्याकडून प्रत्येक मोठ्या वाराची प्रतिक्रिया वेगळी चित्रित करून घ्या, आणि ती घेताना लढत त्यांच्यासमोर खरोखर चालू ठेवा; कॅमेऱ्याशेजारी हात हलवून घेतलेली प्रतिक्रिया ओळखू येते.

काल्पनिक मालिकेत याच्यावर आणखी एक थर चढतो. हातातून ज्योत निघते, माणूस वाऱ्याने उडतो, जमीन दुभंगते. आणि हे सगळे नंतर संगणकावर होणार असल्यामुळे सेटवर नट हवेत हात फिरवत असतो. इथे बहुतेकांची लढत हलकी पडते, कारण शक्तीचा नियम ठरलेला नसतो. ती शक्ती अंगात कुठून सुटते, वापरल्यावर माणूस दमतो का, ती परतवायची झाली तर पाय कसे रोवावे लागतात, हे लेखकाने आणि लढत बसवणाऱ्याने एकत्र बसून ठरवायला हवे. २००५ ते २००८ या काळात आलेल्या ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अॅनिमेशन मालिकेने हे फार शिस्तीने केले. तिथे प्रत्येक कूळ एकेक तत्त्व वळवते; पाणी वळवणाऱ्यांच्या हालचाली ताई ची या चिनी युद्धपद्धतीवर, पृथ्वीच्या हुंग गारवर, अग्नीच्या उत्तर शाओलिनवर आणि वायूच्या बाग्वावर बेतल्या आहेत, आणि त्यासाठी युद्धकलेचा जाणकार सल्लागार नेमला होता. त्यामुळे जादू दिसण्यापूर्वीच उभे राहण्याच्या ढबीवरून माणूस कोणत्या कुळातला आहे ते कळते. तुमच्याकडे कराटे आहेच. एका गुरुकुलाला कराटेचा खालचा, रोवलेला पवित्रा द्या आणि प्रतिस्पर्धी गुरुकुलाला आपल्या मर्दानी खेळातील लाठी-दांडपट्ट्याची फिरती चाल द्या. मग पटकथेतील निम्मे स्पष्टीकरण गळून पडेल. मात्र दांडपट्ट्याचे खरे पाते सेटवर आणू नका. ते लवचिक असते, त्याचे टोक कुठे जाईल याचा भरवसा जाणत्यालाही पूर्ण देता येत नाही, आणि पाते रबराचे असले तरी फिरवणाऱ्याच्या कक्षेत कॅमेरामन उभा राहता कामा नये.

जादूच्या वाराची प्रतिक्रिया ठोशाच्या प्रतिक्रियेपेक्षा अवघड असते, कारण आदळणारे काहीच नसते. मी अशा वेळी मार खाणाऱ्याच्या कमरेला कपड्याखालून एक रुंद पट्टा बांधतो आणि कॅमेऱ्याबाहेर बसलेला माणूस ठरलेल्या आकड्यावर तो हलकेच मागे ओढतो. उडवायचे नसते; फक्त पहिला धक्का खरा मिळतो आणि पुढचे अंग आपोआप बरोबर वागते. तुमच्या भागात तारांची हौस एवढ्यावर भागली तरी चालेल. मागे गादी आणि तिच्यावर मॅट हवीच, आणि ओढणारा माणूस दरवेळी तोच हवा.

तारांबद्दल आता स्पष्टच सांगतो. माणूस हवेत नेण्याची व्यवस्था करणारी पथके मुंबईत आहेत, ती नाशिकला येतात, पण क्रेन किंवा मजबूत सांगाडा, कप्प्या, पोलादी तारा आणि ओढणारी तयार माणसे असा सगळा लवाजमा येतो. खर्च दिवस, उंची आणि माणसांची संख्या यांवर अवलंबून असल्यामुळे त्याचा आकडा इथे देत नाही. उडीचे तार-काम असे चालते: हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज, कपड्याच्या आत असतो, दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडांजवळ तारा जोडतात, कारण अंगाचा तोल तिथे सांभाळता येतो, आकडे मोजले जातात, आधी तार ताणून घेतात म्हणजे झटका बसत नाही, आणि मग ओढणारे सगळे एका दमात धावतात. एकाचे पाऊल चुकले तरी वरचा माणूस कलंडतो. अचानक थांबवलेल्या तारेवर माणसाच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार सहज येतो, म्हणून प्रत्येक जोड त्याच्या कितीतरी पट भाराचा असावा लागतो. नंतर संगणकावर तारा पुसायच्या असतील तर प्रत्येक शॉटनंतर कॅमेरा न हलवता मोकळ्या जागेचेही चित्रण घ्यावे लागते.

नाशिकमध्ये गिर्यारोहकांची वाण नाही, त्यामुळे त्यांच्याकडचा हार्नेस आणि दोर आणून झाडाच्या फांदीवरून काम भागवावे असे कुणीतरी सुचवणारच. ते करू नका. गिर्यारोहणाचा हार्नेस समोरून जोडलेला असतो आणि पडणाऱ्याला पकडण्यासाठी बनवलेला असतो. त्याने उचलले की अंग मागे झुकते आणि नट पाळण्यात बसल्यासारखा दिसतो. पडणाऱ्याला अडवण्यासाठीचा तो दोर मुद्दाम ताणणारा असल्यामुळे आकड्याबरहुकूम उडी मिळतच नाही. फांदीचे तर विचारूच नका. उडीसाठी त्याऐवजी मल्लखांबाच्या मुलांकडे जा. नाशिकमध्ये मल्लखांबाची परंपरा जुनी आहे, यशवंत व्यायामशाळेसारख्या ठिकाणी ती आजही जिवंत आहे, आणि ज्याला दोरीवर अंग एका रेषेत धरता येते त्याला हवेत काय करायचे हे सांगावे लागत नाही. कॅमेरा जमिनीलगत ठेवा, चौकटीबाहेरच्या कंबरभर उंचीच्या फळीवरून उडी घ्यायला लावा, पाठीमागे नुसते आकाश येऊ द्या आणि जमिनीला पाय टेकण्यापूर्वी शॉट तोडा. उतरतानाचा शॉट वेगळा, कमी उंचीवरून. दोन्ही जोडले की उडी दुप्पट होते.

दिवसांबद्दल एकच उत्तर देता येत नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधील २०१६च्या ‘बॅटल ऑफ द बास्टर्ड्स’ या एका भागातील युद्धाला चित्रीकरणाचे २५ दिवस लागले होते. आपल्याकडे रोजच्या मालिकेत सुमारे बावीस मिनिटांचा भाग एक-दोन दिवसांत उरकायचा असतो, त्यामुळे दोन कॅमेरे लावून आम्ही लढतीचे तीन-चार ठळक वार नीट घेतो आणि बाकीची झटापट चेहऱ्यांवर, पायांवर आणि आवाजावर निभावतो. तुमच्याकडे वाहिनीची घाई नाही, ही फार मोठी सोय आहे. पूर्ण लढत आधी वर्गातच, साध्या कपड्यांत, मोबाइलवर घेऊन जोडून पाहा. त्या कच्च्या जोडणीत जो वार समजला नाही तो काढून टाका. माझ्या अंदाजाने तुमची सात लढती असलेली स्पर्धा दोन लढतींवर येईल आणि उरलेल्या पाच निकालाच्या एकेका शॉटमध्ये सांगता येतील. मग एका मोठ्या लढतीला चित्रीकरणाचा एक पूर्ण दिवस धरला तरी पुरे, पण तालमीला त्याच्या कितीतरी पट वेळ द्यावा लागेल.

मोबाइलबद्दल एक तांत्रिक गोष्ट, जी तुमच्या चित्रफितीत मला लगेच खटकली. नाशिकच्या दुपारच्या उन्हात मोबाइल प्रत्येक चित्रावर प्रकाश पडू देण्याचा काळ (शटरचा वेग) स्वतःहून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, कधी त्याहूनही खाली आणतो. त्यामुळे हालचालीतील स्वाभाविक पुसटपणा जातो आणि हात एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारल्यासारखे दिसतात. ढिलेपणाचा काही भाग हाच आहे. हाताने सेटिंग करता येणारे अॅप वापरा, काळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाजवळ ठेवा आणि प्रकाश फार झाला तर भिंगावर काळसर फिल्टर लावा. कडक दुपार टाळून सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर काम केले तर मुलांचाही जीव वाचतो. हिरव्या पडद्यासमोर काही घेणार असाल तर नट पडद्यापासून दोन-तीन मीटर पुढे उभा करा, नाहीतर हिरवी छटा त्याच्या खांद्यांवर उतरते आणि नंतर कडा कापताना संगणकवाला वैतागतो.

राहता राहिली जागा. पांडवलेणी तुमच्या मनात आहे हे समजू शकतो, पण ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील संरक्षित स्मारक आहे. तिथे चित्रीकरणाला त्यांची पूर्वपरवानगी लागते आणि भिंतींना काही बांधण्याचा किंवा टेकवण्याचा विचारही करू नये. गोदाघाटावरची लढत दिसायला सुंदर होईल, मात्र पाण्यालगतच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ असते आणि सणावाराला गर्दी आवरत नाही. तिथे फक्त चालत येण्याचे, समोरासमोर उभे राहण्याचे आणि पहिल्या वाराच्या तयारीचे शॉट घ्या. पडण्याचे आणि आपटण्याचे सगळे शॉट वर्गाच्या मैदानात, मॅटवर माती पसरून, मागे काळ्या दगडासारखे रंगवलेले फळे लावून घ्या. पडणाऱ्याचा शॉट जवळून असेल तर मागे घाट आहे की फळा, हे कुणी पाहत नाही.